मलेरिया नानांचं बोट

शिंदखेड्यात ताप येणं ही कुणाची खासगी गोष्ट राहिलेली नव्हती. माणूस पांघरूण घेऊन पडलाय हे त्याच्या बायकोला नीटसं कळायच्या आत दारात सायकलची घंटा वाजायची आणि आवाज यायचा, "घरात कोणाला ताप आहे का? बाहेरगावचा पाहुणा आलाय का?"

हे मलेरिया नाना. सरकारदरबारी त्यांचं नाव अभिमन पुना शिंपी, पण पगाराचा दिवस आणि लग्नपत्रिका सोडली तर ते नाव कुठे वापरात नव्हतं. सरकारने साऱ्या देशातून हिवताप हाकलायचं ठरवलं होतं आणि त्यातला शिंदखेड्यापासून दोंडाईच्यापर्यंतचा तुकडा नानांच्या वाट्याला आला होता. बाकीच्या देशाचं काय चाललंय याची नानांना कल्पना नव्हती. आपल्या तुकड्यात हिवतापाला पाय ठेवू द्यायचा नाही, एवढं मात्र त्यांनी पक्कं केलं होतं. त्यांच्या वाडवडिलांनी जन्मभर सुईने कापड टोचलं. नाना माणसं टोचत, आणि वाडवडिलांपेक्षा जास्त मन लावून टोचत.

दर पंधरवड्याला ते प्रत्येक दारात उभे राहत. दोन प्रश्न ठरलेले. 'ताप आहे' असं उत्तर आलं की खाकी पिशवीतून कापूस निघे, स्पिरिटची बाटली निघे, सुई निघे, रक्ताचा थेंब काचपट्टीवर जाई आणि मगच रोग्याच्या हातावर कडू पांढऱ्या गोळ्या पडत. रक्त घेतल्याशिवाय गोळी नाही, हा खात्याचा नियम. त्यानंतर दाराशेजारी भिंतीवर गेरूने छापलेल्या चौकटीत तारीख आणि सही. 'नाही' असं उत्तर आलं तर नाना उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांत असे बघत की पुष्कळांना त्या बघण्यानेच कणकण वाटू लागे. कुणी रामराम करायला हात पुढे केला तर नाना तो हात धरून ठेवत, आणि ते प्रेमाने धरलाय की ताप बघायला, हे समोरच्याला सुई दिसेपर्यंत कळत नसे. एकदा तर हळद लागलेल्या नवरदेवाला त्यांनी मांडवात टोचलं होतं. वऱ्हाड रुसून बसलं, वाजंत्री थांबली, नाना म्हणाले, "थांबवू नका, वाजवा. माझं काम झालं."

बोटसुद्धा ठरलेलं होतं, डाव्या हाताची अनामिका. का, म्हणून कुणी विचारलं तर नाना सांगत, "उजवा हात जेवायला मोकळा राहतो." खात्याने नियम करताना खरोखरच माणसाच्या जेवणाचा विचार केला होता की नाही, कोण जाणे. पण नानांचा खात्यावर विश्वास होता आणि खात्याची बाजू ते आपल्या मनाने भरून काढत. टोचताना ते हटकून म्हणत, "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं." हे ते कशावरून म्हणत, हा प्रश्न इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारला नव्हता. नानांना स्वतःला कधी ती सुई टोचली नव्हती.

एवढ्या साऱ्या मुलखात नानांना दाद न देणारं घर एकच होतं, ते त्यांचं स्वतःचं.

त्याचं असं होतं की रक्ताच्या कामाशिवाय घरोघर डीडीटी फवारायचंही काम असे. फवारा मारला की भिंतींवर पांढुरके ओघळ उठत. नानांच्या पत्नी पुष्पाबाई दर दसऱ्याला चुन्यात नीळ घालून स्वतःच्या हाताने भिंती सारवल्यासारख्या एकसारख्या रंगवत, आणि त्या भिंतींवर कुणी फुंकरसुद्धा मारलेली त्यांना चालत नसे. "तुमच्या औषधाने डास मरतात की नाही माहीत नाही, ढेकूण मात्र चेकाळतात," त्या म्हणत. "आणि माझे देव? माझ्या पापडाच्या बरण्या? पंप घेऊन उंबऱ्याच्या आत आलात तर मी सावद्याच्या गाडीत बसेन." सावद्याजवळच्या एका खेड्यात त्यांचं माहेर होतं. तिकडे चला, म्हणून त्या नानांच्या फार दिवसांपासून मागे होत्या आणि नानांना रजा घ्यायला सवड नव्हती. त्यामुळे या धमकीत थोडी आशाही मिसळलेली असे.

दुसरा कुणी असता तर त्याने बायकोपुढे हात टेकले असते आणि भिंतीवर 'फवारणी पूर्ण' असं लिहून तो मोकळा झाला असता. नानांनी स्वतःच्या घराच्या दाराशेजारी, स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात 'नकार' असं लिहिलं. दर वर्षी लिहिलं. धुळ्याहून नानांचे वरिष्ठ राजहंससाहेब एकदा पुष्पाबाईंची समजूत घालायला येऊन गेले. पुष्पाबाईंनी त्यांना चहा दिला, शेव दिली, आणि निरोप दिला. नानांनी 'नकार' कायम ठेवला.

तर अडुसष्ट सालची गोष्ट. नानांच्या विभागात फार दिवसांत हिवतापाचा एकही रोगी सापडला नव्हता, आणि दिवाळीआधी पुण्याचे मोठे साहेब येणार होते. त्यांच्या हस्ते एसटी स्टँडवर 'हिवतापमुक्त विभाग' असा बोर्ड लागायचा होता. बोर्ड तयार होऊन आलाही होता. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, आणि खाली कोपऱ्यात, जरा बारीक पण वाचता येतील अशी, 'विभाग कर्मचारी : अ. पु. शिंपी'. दवाखान्याच्या ओसरीत तो कागदात गुंडाळून ठेवला होता. नाना रोज सकाळी ओसरीत जात, कोपऱ्यातला कागद बोटाने थोडा बाजूला करत, आणि पुन्हा नीट लावून कामाला लागत. यात त्यांना कुणी पाहत नाही अशी त्यांची समजूत होती. पण हे सगळ्या दवाखान्याला माहीत होतं आणि नाना येण्याच्या वेळी सगळे मुद्दाम ओसरी रिकामी करून देत असत.

अशात एका भर दुपारी, आश्विनातलं ऊन डोकं भाजून काढत असताना, वाण्याच्या भिंतीवर तारीख घालता घालता नानांच्या हातातला गेरू थरथरला. आकडा वाकडा आला. नानांनी तो पुसून पुन्हा घातला, तर तोही वाकडा. मग दात वाजायला लागले.

नाना सायकल ढकलत घरी आले आणि घोंगडी मागू लागले. पुष्पाबाईंनी घोंगडी दिली, वर गोधडी दिली, वर आणखी एक गोधडी दिली, आणि म्हणाल्या, "तुम्हाला हिव भरलंय."

"मला?" गोधड्यांच्या आतून आवाज आला. "मी खात्याचा माणूस आहे."

"मग खात्याच्या माणसाला हिव भरलंय."

"ताक आंबट होतं," नाना म्हणाले आणि कुडकुडत राहिले. मग अंग तव्यासारखं तापलं, मग घामाने गोधडी भिजली, आणि मग नाना उठून बसले ते इतके ठणठणीत की दुसऱ्या दिवशी त्यांनी जास्तच घरं फिरून काढली. ताकावरचा त्यांचा आळ पक्का झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच वेळी, ताक न घेता, पुन्हा दात वाजले.

आता नाना इतरांना जे रोज समजावून सांगत, ते त्यांना स्वतःला समजावून सांगायला कुणी नको होतं. पण माणूस स्वतःच्या बाबतीत फार कठीण विद्यार्थी असतो. नाना म्हणाले, पित्त झालं. नाना म्हणाले, ऊन बाधलं. एकदा तर ते म्हणाले की दुसऱ्यांच्या तापाची फार काळजी केल्याने असं होतं.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्यांनी ज्यांनी नानांची सुई खाल्ली होती ते सारे समाचाराला आले, आणि इतक्या आनंदी चेहऱ्याने रोग्याच्या समाचाराला आलेली माणसं त्या गावाने पूर्वी पाहिली नसतील.

"बठ्ठा गावले टोचं तुम्ही," समोरच्या सुगंधाबाई खाटेजवळ बसत म्हणाल्या, "आते तुमना नंबर लागना! पन घाबरू नका, नाना. हाऊ एकांतरा शे, एक दिन सोडीन येस. त्याले चुकाडनं पडस. त्यानी पाळीना दिन घरमा ऱ्हावानंच नही. तो येस, घर धुंडस, मानूस नही दिखना का परत चालना जास."

शेजारचे फुलचंदशेठ किराणा दुकानदार. त्यांनी दार लोटून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणून व्यवहाराचं बोलले. "नाना, हे नावच काढायचं नाही बघा. सर्दी म्हणायची. गोळ्या तुमच्याच पिशवीत आहेत. दोन घ्या, वर पाणी प्या, अन् गप राहा. बोर्ड लागू द्या, साहेब जाऊ द्या, मग काय ताप काढायचा तो काढा."

नाना गोधडीत ताठ झाले. "रक्त घेतल्याशिवाय गोळी देता येत नाही, शेठ."

"मग रक्त घ्या."

"रक्त घेतलं की काचपट्टी धुळ्याला जाते."

"मग धाडू नका."

नानांनी फुलचंदशेठांकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी देवाची मूर्ती मोडीत घालायला सांगितली होती. गोळ्या खुंटीला टांगलेल्या पिशवीत होत्या, हाताच्या अंतरावर. तिकडे पाठ करून नाना झोपले.

पण बोर्डही डोळ्यांपुढून हलेना. कबूल केलं तर बोर्ड जातो, लपवलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही, आणि काहीच केलं नाही तर परवा दुपारी पुन्हा हिव भरतं. अशा पेचात सापडलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. विज्ञानावर गावोगाव भाषणं देणाऱ्या नानांनी सुगंधाबाईंचा सल्ला मानला. अर्थात त्यांनी स्वतःला सांगितलं की दोंडाईच्याला कामच आहे.

पाळीच्या दिवशी सकाळीच ते दोंडाईच्याला गेले आणि स्टेशनवरच्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसू नये असे, मिरचीच्या पोत्यांच्या थप्पीआड बसले. भुसावळची गाडी त्या दिवशी फार उशिरा आली. ताप वेळेवर आला. त्याने शिंदखेड्यातलं घर धुंडाळण्यात मुळीच वेळ घालवला नाही, सरळ स्टेशनावर आला.

नाना बाकावर असे कुडकुडायला लागले की बाक वाजू लागला. दोन हमाल धावले. पांघरायला काही नव्हतं, म्हणून भल्या माणसांनी मिरचीची रिकामी पोती आणून नानांवर घातली, एकावर एक. आता पोती रिकामी होती म्हणजे मिरच्या नव्हत्या एवढंच. मिरचीने पोती सोडली नव्हती. नाना कुडकुडत होते आणि शिंकत होते, शिंकत होते आणि कुडकुडत होते, आणि शिंकेसरशी पोती उडून आणखी तिखट उधळत होती. भोवती गर्दी जमली. तिच्यात निम्मे लोक नानांनी टोचलेले होते. सातपुड्याकडून दरवर्षी भुईमुगाच्या काढणीला येणारे मजूर नुकतेच बशीतून उतरले होते. त्यांच्यातल्या बिजला नावाच्या एकाने तर नानांना बघताच सवयीने डावं बोट पुढे केलं.

तेवढ्यात पोत्यांखालून एक क्षीण पण स्पष्ट आवाज आला, "घरात कोणाला ताप आहे का?" मग त्याच आवाजाने उत्तर दिलं, "आहे. मला आहे."

हे नाना तापात बरळले की शुद्धीवर बोलले, याबद्दल दोंडाईच्यात दोन मतं होती. नानांच्या मते ते तेव्हा पहिल्यांदाच शुद्धीवर आले होते. जन्मभर ज्या प्रश्नाचं खरं उत्तर द्या म्हणून लोकांच्या हातापाया पडलो, त्याचं उत्तर आपणच पोत्याआड लपून चुकवतोय, याची त्यांना इतकी लाज वाटली की मिरचीनेही तेवढं डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

घरी आल्यावर पुष्पाबाईंनी दार उघडलं, तर नाना आत येईनात. उंबऱ्याबाहेर उभे, खांद्याला पिशवी, अंगाला मिरचीचा वास.

"घरात कोणाला ताप आहे का?" नानांनी विचारलं.

"अहो, आत या आधी!"

"तसं येता येत नाही. कामावर आहे. नीट उत्तर द्या."

पुष्पाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या काय लक्षात आलं कोण जाणे, पदर खांद्यावरून घेऊन त्या सरळ उभ्या राहिल्या. "आहे ताप. मालकांना आहे."

"कुठे आहेत ते?"

"दारात उभे आहेत."

"बाहेरगावचा पाहुणा?"

"आमच्याकडे कोण येतो पाहुणा! तुमच्या सुईला भिऊन माझा भाऊसुद्धा येत नाही."

नानांनी चौकटीत तारीख घातली, सही केली, आणि मग ते आत आले. रोगी म्हणून खाटेवर बसले. डाव्या हाताचं बोट स्पिरिटने पुसलं, उजव्या हातात सुई घेतली, आणि सुई बोटाच्या अगदी जवळ नेऊन थांबवली. पुन्हा नेली, पुन्हा थांबवली. कपाळावर घाम आला, तो तापाचा नव्हता. "हवा फार आहे," नाना म्हणाले. पुष्पाबाईंनी खिडकी लावली. "आता उजेड कमी झाला," नाना म्हणाले.

पुष्पाबाईंनी त्यांच्या हातातून सुई काढून घेतली, बोट धरलं, आणि बटण लावावं तितक्या सहज टोचलं. नाना इतक्या जोरात ओरडले की शेजारी फुलचंदशेठांच्या हातातला तराजू हलला.

"मुंगी चावल्यासारखं ना?" पुष्पाबाईंनी विचारलं. नानांनी थेंब काचपट्टीवर घेतला, पसरवला, आणि तो इतका सुरेख पसरला होता की त्या अवस्थेतही त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी उजव्या हाताने पिशवीतून गोळ्या काढल्या आणि डाव्या हातावर ठेवल्या.

धुळ्याहून काचपट्टीचा निकाल आला, हिवताप. आणि पाठोपाठ जीप घेऊन राजहंससाहेब आले.

साहेबांचा जीव नानांवर होता, आणि बोर्ड आपल्या युनिटात लागावा असं त्यांनाही मनापासून वाटत होतं. त्यांनी ओसरीत खुर्ची घेतली आणि पद्धतशीर चौकशी सुरू केली. खात्याचा हिशेब असा होता की रोग बाहेरून आणला असेल तर विभागाला डाग नाही. तो इथलाच असेल तर विभाग गेला.

"नाना, शांतपणे आठवा," साहेब म्हणाले. "एवढ्यात कुठे बाहेरगावी गेला असाल. लग्नाला?"

"नाही साहेब."

"मयतीला?"

"पत्र टाकलं."

"सासुरवाडी कुठली तुमची? सावद्याकडची ना? मग दसऱ्याला, राखीला..." साहेबांनी भुवया अशा काही वर केल्या की त्यांच्याखाली नानांसाठी एक अख्खं दार उघडं ठेवलेलं दिसत होतं.

आतून पुष्पाबाईंचा आवाज आला. "विचारा, विचारा त्यांना! किती वर्षं झाली विचारा! आई म्हणते, जावयाचं तोंड विसरले मी. मी कधीची म्हणत होते, चला माझ्या माहेरी, चला माझ्या माहेरी. गेले असते तर आज बोर्ड लागला असता!"

नानांनी मान खाली घातली. रजा घेतली नाही याचा त्यांना सबंध नोकरीत अभिमान होता, आणि तोच आता समोर येऊन उभा ठाकला होता. एक दिवस, एकच दिवस ते सासूच्या हातचं जेवून आले असते, तरी भागलं असतं.

"साहेब, मी पाहिलंय," कुणी न बोलावता आलेले फुलचंदशेठ पुढे सरसावले. "नाना शिरपूरच्या बशीत बसत होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. साक्ष देतो."

"शेठ, खोटं आहे ते," नाना म्हणाले. "साहेब, मी विभाग सोडून कुठे गेलो नाही. रोग इथलाच आहे. तसंच लिहा."

साहेबांनी भुवया खाली आणल्या. लिहायचं ते लिहिलं. मग उठून दाराशी गेले, तर भिंतीवर नजर गेली. जुन्या चुन्याखालून पुसट डोकावणारा 'नकार'. त्याखाली आणखी एक 'नकार'. दसऱ्याच्या नव्या निळसर चुन्यावर ताजा 'नकार'. सगळे एकाच वळणदार अक्षरात.

"अक्षर तुमचं," साहेब म्हणाले.

"होय."

"साऱ्या विभागात न फवारलेलं घर हे एकच."

"होय."

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो एकदम थांबला. डास कुठे बसला असेल, कुठून उडाला असेल आणि कुणाला चावला असेल, हे समजायला पुष्पाबाईंना खात्यात नोकरी करायची गरज नव्हती. नानांनी वर पाहिलं नाही. आपण भिंतीवर खरं लिहिलं, ते बायकोला असं साऱ्यांसमोर वाचून दाखवलं जाईल हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं, बोर्डापेक्षाही वाईट.

थोड्या वेळाने पुष्पाबाई बाहेर आल्या, त्या हातात देवांचं ताम्हण घेऊन. ते त्यांनी तुळशीपाशी ठेवलं. मग पापडाच्या बरण्या एकेक करून बाहेर काढल्या. मग दाराशी उभ्या राहून, साहेबांकडे न बघता म्हणाल्या, "मारा. आणि नीट मारा. हे कोपरे सोडत नाहीत, तुमची माणसं सोडतील."

पुढचं सारं नियमाप्रमाणे झालं. रोगी सापडला की भोवतालच्या सगळ्या घरांतल्या सगळ्यांचं रक्त घ्यायचं. त्यामुळे जे जे हसत समाचाराला आले होते त्यांची बोटं आता साहेबांच्या माणसांपुढे रांगेत आली. फुलचंदशेठ ऐन दिवाळीच्या गिऱ्हाइकीत दुकानाला कुलूप लावून मागच्या गोदामात गुळाच्या ढेपांमध्ये जाऊन बसले होते. नाना खाटेवर पडल्या पडल्या ओरडले, "शेठ राहिले! गोदामात बघा!" सुगंधाबाई मात्र स्वतःहून पुढे आल्या आणि बोट देत म्हणाल्या, "घ्या रे भो, आम्हले सवय शे."

बोर्ड जीपमध्ये चढला. तो आता दुसऱ्या तालुक्यात लागणार होता. कोपऱ्यातलं नाव तेवढं बदलायचं. जीप वळली तेव्हा कागद वाऱ्याने उडाला आणि निळ्यावरची पांढरी अक्षरं क्षणभर दिसली. "अक्षरं चांगली काढलीत," नाना म्हणाले. साहेबांनी जाता जाता त्यांना सक्तीची रजा दिली. न मागितलेली रजा नानांना शिक्षेसारखी लागली. पण पुष्पाबाईंनी त्याच संध्याकाळी ट्रंक भरली.

अमळनेर गेलं, जळगाव गेलं, भुसावळला गाडी बदलली. सावदा स्टेशनापासून बैलगाडी, आणि दोन्ही बाजूंना केळीच केळी. पुष्पाबाई माहेराची एकेक खूण दाखवत होत्या, आणि नाना पाटाच्या पाण्यात डासांच्या अळ्या असतील का ते बघत होते. "इथे काम करायचं नाही," पुष्पाबाई म्हणाल्या. "पानावरून उठायचं नाही. कुणाचा हात धरायचा नाही. जावई आहात, जावयासारखं राहायचं." नानांनी कबूल केलं.

सासूबाई भिकुबाईंना काय करू अन् काय नको असं झालं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर लोणी. पहिला घास तोंडाजवळ गेला, तेवढ्यात बाहेर सायकलची घंटा वाजली. नानांचा हात जागच्या जागी थांबला.

"घरात कोनाले ताप हाये का?" बाहेरून आवाज आला. तो मोतीलाल, तिथला मलेरियावाला, चांगला पिकल्या मिशांचा आणि निवांत स्वभावाचा. "पाव्हना कोनी आला का?"

भिकुबाई लगबगीने दारात गेल्या आणि दार अंगाने झाकून उभ्या राहिल्या. "कोनी नाही रे भाऊ. ना ताप, ना पाव्हना. जाय तू."

आतल्या खोलीत नानांचा घास ताटात पडला. ताप येऊन गेलेल्या रोग्याचं रक्त पुन्हा तपासायचं असतं. इथे तो रोगी भरीत खात बसला होता आणि दारात त्याचं नाव दडवलं जात होतं. बाहेर गेरू भिंतीवर घासल्याचा आवाज आला, म्हणजे तारीख पडत होती, खोटी तारीख. नानांचे गुडघे आपोआप उचलले गेले. मग त्यांना दिलेला शब्द आठवला. ते खाली बसले. त्यांनी पुष्पाबाईंकडे पाहिलं. असं पाहिलं की पुष्पाबाईंच्या हातातला लोण्याचा चमचा वाटीत गेला.

सायकल निघाल्याचा आवाज आला आणि पुष्पाबाई धावत बाहेर गेल्या. "ओ भाऊ! थांबा! आमच्याकडे पाहुणा आहे! ताप येऊन गेलाय!"

भिकुबाईंनी कपाळाला हात लावला. "माय वो! जवाईबुवाले सुई? माह्या दारात? लोकं काय म्हनतीन?"

मोतीलाल सायकल वळवून आला खरा, पण जावई आहे हे ऐकताच त्याने पिशवी पाठीमागे घेतली. "ताई, जवाईले कसा टोचू मी? उद्या या गावात मह्यी सायकल फिरू देतीन का?" गल्लीतल्या बाया दारांत जमल्या. काही म्हणाल्या, असं कधी ऐकलं नाही. काही नुसत्याच बघायला पुढे सरकल्या.

"मग द्या इकडे," पुष्पाबाई म्हणाल्या आणि मोतीलालच्या हातातून सुई घेतली. "जावई तुमच्या गावाचा असेल. मला तो नवरा आहे."

त्या आत आल्या, नानांच्या पानासमोर बसल्या. मागे दारात मोतीलाल, भिकुबाई आणि निम्मी गल्ली. नानांनी डावा हात पुढे केला, डोळे घट्ट मिटले आणि उजव्या हाताने भाकरीचा मोठा तुकडा मोडला.

"मुंगी," पुष्पाबाई म्हणाल्या.

नाना हूं की चूं न करता भरीत खात राहिले. थेंब काचपट्टीवर गेला. तो नीट पसरला की नाही, ते डोळे न उघडता त्यांनी विचारलं, आणि नीट पसरलाय, असं पुष्पाबाईंनी सांगितलं. मग त्यांच्या बोटावर कापूस दाबून धरून, मान वळवून त्यांनी मोतीलालला विचारलं, "आणि भाऊ, शेजारणीला विचारलंत का? तिची सून सकाळपासून गोधडी घेऊन पडलीय."

नानांनी डोळे उघडले. बोट बायकोच्या हातात होतं आणि उजवा हात जेवायला मोकळा होता. खात्याने विचार केलेला होता.